चौघांचं काम

मोरोपंतांना खुशालराव डोळ्यांसमोर नको असत. अकोल्याच्या कचेरीत दोघं शेजारी बसत, पगारही सारखाच, पण नागपूरहून बदलून आलेले नवे साहेब, बापूसाहेब, येता-जाता खुशालरावांनाच हसून विचारत, "काय, बरं आहे ना?" चौदा वर्षं ही कचेरी आपल्याच खांद्यावर उभी आहे, असं मानणाऱ्या मोरोपंतांच्या अंगाचा तिळपापड होई.

एके दिवशी साहेबांनी हुकूम काढला: प्रत्येक कारकुनाने आपण काय काम करतो आणि त्यात समाधानी आहोत का, ते लिहून द्यावं.

मोरोपंतांनी तीन दिवस खपून अकरा पानं लिहिली. आवक, जावक, नकला, सगळं आपणच पाहतो. चौघांचं काम एकटा ओढतो. शेजारचे गृहस्थ मात्र पान चघळतात, हेही सुवाच्य अक्षरात नोंदवलं. मग मान लांब करून त्यांनी खुशालरावांचा कागद पाहिला. 'सांगतील ते करतो. बरं आहे.' बस्स.

"एवढंच?"

"मंग काय पुरान लिवू? तुमी काहून एवढे घामाघूम होऊन राहिले, पंत?"

सोमवारी साहेबांनी मोरोपंतांना आत बोलावलं. अकराही पानं समोर होती.

"चौघांचं काम एकटे करता?"

"चौघं कमीच सांगितले, साहेब. विनय आडवा आला."

साहेबांचा चेहरा उजळला. "देव पावला! तेल्हाऱ्याच्या कचेरीत चारही जागा रिकाम्या आहेत, माणूसच मिळत नव्हता. उद्याच निघा."

"आणि इथलं काम?"

"ते खुशालरावांना सांगू. सांगतील ते करतात ते."

घरी बायकोने, ताराबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "चौघांचं करता ना? मग ट्रंका तुम्हीच भरा," म्हणाल्या.

सकाळी मोटार-अड्ड्यावर मोरोपंत पडलेल्या चेहऱ्याने उभे होते. तेवढ्यात खुशालराव आले. त्यांचा चेहरा त्याहून पडलेला.

"नशीब काढलं, पंत! पुरी कचेरी तुमच्या हवाली. मले कोनी असं नेमलं नाही आजवर. कालपासून जीव जळून राहिला, खोटं कायले बोलू?"

मोरोपंतांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. खोटं नव्हतं. माणूस खरोखर जळत होता. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मोरोपंतांना आपली नोकरी झकास वाटली.

"काय म्हणालात?" कानामागे हात धरत ते म्हणाले. "मोटारीच्या आवाजात ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा."

मोटार अजून सुरू व्हायची होती.