रोगाचं माहेर

आजारी टरबुजाचा वेल दाखवला, की त्यावर काय फवारायचं हे आमचे दाजी कधीच सांगत नाहीत. ते गुडघ्यांवर हात टेकत खाली बसतात, आकसलेलं, पिवळं पडलेलं पान तळहातावर घेतात आणि रोगाबद्दल विचारतात, "यानं माहेर कोठे शे?"

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. शहाद्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि म्हसावदच्या घरी येऊन राहिले. त्यांच्या मते विषाणू शेतात आपोआप उगवत नाही. तो नव्या सुनेसारखा कुठून तरी येतो, आणि पांढरी माशी त्याला सोबत घेऊन येणारी मुऱ्हाळी. मग सून कुठल्या घरची, हे नको का बघायला? एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी खापर गावच्या व्याह्यांना त्यांच्या मुलीबद्दल काही न विचारता त्यांच्या बांधावरच्या कारल्याची चौकशी केली. आक्का समोरून डोळे वटारत होती.

पांढरी माशी वारा नेईल तिकडे जाते. म्हणून दाजींच्या खिशात पिंजलेला कापूस असतो. संशय आलेल्या वेलापाशी उभं राहून ते चिमूटभर पुंजका हवेत सोडतात आणि तो तरंगेल तिकडे त्याच्यामागे चालू लागतात. हिवाळ्यातली सकाळ, सातपुडा अजून धुक्यात, पुढे पांढरा पुंजका, मागे पांढऱ्या केसांचे दाजी. लांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच वजनाचे वाटतात.

"आप्पा, एक दिन तुम्हीच उडी जाशात!" घरामागच्या शेतातून शेजारचा जगनभाऊ दाजींना ओरडून म्हणायचा.

आक्का गेल्यावर दाजींचं हे चालणं वाढलं. मीही रविवारी नंदुरबारहून येऊ लागलो. आमच्याकडे एकमेकांशी बोलायला फारसं काही नव्हतं. कापसामागे चालणं सोपं होतं.

गेल्या वर्षी जगनभाऊचं टरबूज पूर्ण गेलं. दाजींनी गावाच्या चारी वाटांचे बांध पालथे घातले, लोकांच्या अंगणातले भोपळे तपासले. माहेर काही सापडेना. या हिवाळ्यात जगनभाऊ थट्टा विसरून म्हणाला, "आप्पा, यंदा बी पानं वाकडी व्हयनी, ते मी टरबूजनं नावच सोडी दिसू."



संक्रांतीनंतरच्या रविवारी जगनभाऊ टरबुजाची रोपं आणायला निघाला होता. दाजी मला म्हणाले, "चाल, मांगे जाऊत."

मागे म्हणजे परसात. तिथे न्हाणीवर आक्कानं लावलेला गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल होता. ती गेल्यापासून दाजींनी त्याला भर उन्हाळ्यातही वाळू दिलं नव्हतं. रोज सकाळी पाणी घालत. रोग शोधायला मात्र ते नेहमी पुढच्या दारानं निघत.

वेलाची पानं आकसलेली, पिवळी होती. दाजींनी खिशातून पुंजका काढला आणि सोडला. तो न्हाणीवरून उठला, कुंपणाची भिंत ओलांडली आणि सावकाश जगनभाऊच्या नांगरलेल्या मातीवर उतरला.

"माले माहीत व्हतं," दाजी म्हणाले. "पयलेपासून."

मग त्यांनी स्वतःच वेल ओढून काढला. मला हात लावू दिला नाही. परसातच पेटवला. धूर पाहून जगनभाऊ भिंतीशी आला.

"आप्पा, काय जाळी ऱ्हायनात?"

"तुन्हा रोगनं माहेर."

जगनभाऊनं हसायला तोंड उघडलं. मग त्याला रिकामी न्हाणी दिसली. भिंतीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला, धूर संपेपर्यंत.

न्हाणीच्या पत्र्यावर एक जून, वाळलेलं गिलकं राहिलं होतं. दाजींनी त्याची साल काढली, आपटून आपटून बिया झटकल्या आणि एकेक वेचून निखाऱ्यांत टाकल्या. हातात उरली ती नुसती हलकी जाळी. ती त्यांनी न्हाणीत आक्काच्या पाय घासायच्या वज्रीशेजारी ठेवली.

"आंग घासाले दर साल नवं काढे ती," ते म्हणाले. "हाई शेवटलं."

पुढच्या रविवारी जगनभाऊच्या शेतात रोपं लागलेली होती. हात धुवायला मी न्हाणीत गेलो. गिलकं तिथेच होतं, कोरडं.