गणपतरावांची दुसरी बायको

नीळकंठ उमाळे यांनी चौतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केली. त्या काळात त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही कागद चूक निघून परत आला नाही, असं ते सांगत. कचेरीतले लोक म्हणत, कागद परत यायला आधी तो टेबलावरून हलावा लागतो. पण लोकांचं काय, लोक काहीही बोलतात आणि तेही तोंडी. नीळकंठराव तोंडी काही मानत नसत.

निवृत्तीनंतर नांदुऱ्याच्या घरात त्यांच्याकडे दोनच मौल्यवान गोष्टी उरल्या होत्या. एक त्यांचं अक्षर आणि दुसरा कुळदेवीचा टाक. टाक म्हणजे देवीची मूर्ती उठवलेला चांदीचा पत्रा, जेमतेम विड्याच्या पानाएवढा. तो घराण्याच्या थोरल्या पातीकडे, म्हणजे थोरल्या शाखेकडे असतो, आणि थोरली पाती आपली, हे नीळकंठरावांना जन्मापासून ठाऊक होतं. त्याची रोजची पूजा मात्र त्यांची बायको प्रतिमा करी. अठ्ठावीस वर्षं देवीला हळदीकुंकू वाहिल्याशिवाय तिनं चहा घेतला नव्हता.

एके सकाळी वरवट बकालहून चुलतभाऊ उत्तमराव आले. त्यांच्या मुलाचं, प्रेमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं.

"नीळकंठभाऊ, पोराच्या लग्नाले देवी आपल्या घरी पायजे. पंधरा दिवस द्या. मी सोता आनून देतो."

"टाक थोरल्या पातीचं घर सोडत नाही, उत्तमराव. तुम्ही या इकडे, पाया पडा."

"थोरली पाती तुमची, हे कोनं सांगतलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्याइले माहीत असनं म्हनजे तोंडीच झालं ना भाऊ. कागद दाखवा."

हा घाव वर्मी बसला. नीळकंठरावांनी त्याच दिवशी कपाटातून स्टॅम्पपॅड, पट्टी आणि तीन रंगांची पेनं काढली. वंशावळ करायची, पुराव्यानिशी करायची, आणि साक्षगंधाच्या मांडवातच लावायची. वाद कायमचा निकालात.

महिनाभर ते नांदुऱ्याहून वरवट, जळगाव जामोद असे एसटीनं हिंडले. पणजोबा गणपतरावांपर्यंत सगळं सरळ होतं. गणपतरावांना दोन मुलगे. यशवंत, म्हणजे नीळकंठरावांचे आजोबा, आणि मोतीराम, म्हणजे उत्तमरावांचे. यशवंतच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव होतं रेणुका. मोतीराम शाळेच्या वाटेला गेले नव्हते, पण दूरच्या एका गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, त्यांच्या जन्माची नोंद सापडली. सालाचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता. आईचं नाव शाबूत होतं: चांगुणा भ्रतार गणपत.

घरी येऊन दोन्ही नकला शेजारी ठेवल्या आणि नीळकंठराव खुर्चीतच ताठ झाले.

"प्रतिमा, पणजोबांना दोन बायका होत्या."

"कोण म्हणतं?"

"कागद म्हणतो. पहिली रेणुका, आपली. दुसरी चांगुणा, त्यांची. एका झटक्यात सुटलं."

प्रतिमा वाती वळत होती. "वरवटला सिंधूताई काकू आहेत. नव्वदीच्या आहेत, पण सगळं आठवतं त्यांना. एकदा विचारून घ्या."

"तोंडी माहिती ग्राह्य धरता येत नाही."

"बाईची दोन नावं असू शकतात हो."

"आणि गावं? हा दाखला वरवटचा, ही नोंद परगावची. एक बाई दोन ठिकाणी कशी राहील?"

प्रतिमानं नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

आता पहिली बायको असताना दुसरी का केली, याचं उत्तर वंशावळीत हवं. रिकामा रकाना नीळकंठरावांना कधीच सहन झाला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि रेणुकाबाईंना १९१८ च्या साथीत मारून टाकलं. तारीख घातली नाही, कारण त्यांच्या मते तो खोटेपणा झाला असता.

मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या एका पुतणीनं तासाभरात फुलांचा हार आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवली. मग बारा जणांनी हात जोडले. शंभर वर्षांनी का होईना, रेणुकाबाईंचं सुतक व्यवस्थित पाळलं गेलं.

साक्षगंधाच्या दिवशी बारा बाय आठचा फ्लेक्स गुंडाळून नीळकंठराव आणि प्रतिमा एसटीनं वरवट बकालला उतरले. मांडवाच्या दर्शनी बाजूला फ्लेक्स चढला. गणपतरावांच्या उजव्या हाताला लाल चौकट, 'प्रथम पत्नी'. डाव्या हाताला निळी, 'द्वितीय पत्नी'. निळ्या चौकटीखाली लोंबत लोंबत शेवटी नवरदेव प्रेम.

नवरी करिष्माच्या वडिलांनी फ्लेक्स आधी वरून खाली वाचला, मग खालून वर. मग उत्तमरावांना बाजूला घेतलं, पण आवाज बाजूला घ्यायचं राहून गेलं.

"पाव्हणे, तुमच्यात दुसरी करायची पद्धत हाये काय? आमाले पयले सांगाले पायजे होतं."

उत्तमरावांचा चेहरा कपाळावरच्या टिळ्याहून लाल झाला. "नीळकंठभाऊ, हे काय लटकवून ठेवलं? माह्या पोराची सोयरीक मोडता काय?"

"मी काही लटकवलं नाही. पुरावा लावला आहे."

करिष्माच्या आईनं शालूची पिशवी हळूच पुन्हा काखेत मारली. प्रेम हातातला हार कुठे ठेवावा ते न कळून तो स्वतःच्याच मनगटाला गुंडाळत बसला. एवढ्यात खुर्चीतून उत्तमरावांच्या आईचा, सिंधूताईंचा आवाज आला.

"काय लिवलं हाये त्याच्यावर? मले दिसत नाही. वाच बाप्पा नीळकंठा."

नीळकंठरावांनी घसा साफ केला. "प्रथम पत्नी रेणुका. मृत्यू एकोणीसशे अठरा, साथीचा आजार."

"रेणुका मेली? अठरा साली?"

"हो काकू."

"मंग मले भाकर थापाले कोनं शिकवलं? माह्यं लगन झालं तवा बुढी चांगली टनटनीत होती. माह्या हातावर उलथनं मारे."

मांडवात कुणीतरी खोकलं.

"काकू, ती चांगुणा असेल. दुसरी."

"दुसरी कायची रे? माहेरची चांगुणा, सासरची रेणुका. लग्नात ताटात तांदूय पसरून आंगठीनं नाव लिवत नाहीत काय? तुह्या बायकोचं कोनं लिवलं होतं, कोतवालानं?"

करिष्माच्या वडिलांचा चेहरा उजळला. शालूची पिशवी काखेतून मांडीवर आली. पण नीळकंठराव चौतीस वर्षांचे कारकून होते. ते इतक्यात हलणार नव्हते.

"मग मोतीरामआजोबांच्या जन्माला माहेरचं नाव का लागलं?"

"पह्यलं बाळंतपन माहेरी असते, बाप्पा. बापानं सांगतलं, कोतवालानं लिवलं. बाप आपल्या पोरीले सासरच्या नावानं हाक मारीन काय? दुसऱ्याच्या टायमाले सासरीच होती, मनून तथी रेणुका."

उत्तमराव फ्लेक्सजवळ गेले. बोट ठेवून ठेवून वाचू लागले. "म्हनजे पह्यलं बाळंतपन मोतीराम. पह्यला पोरगा आमचा." ते सावकाश वळले. "काऊन भाऊ, थोरली पाती कोनाची झाली?"

"मग टाक नांदुऱ्याला कसा?" नीळकंठरावांचा आवाज बारीक झाला होता.

"बुढी डोये दाखवाले यशवंताकडे गेली, देवी संग नेली," सिंधूताई म्हणाल्या. "बुढी तथीच सरली. देवी तथीच राह्यली. वापस मांगाचं कोनं? धाकट्याचं मन दुखीन मनून कोनी बोललं नाही. तूच कागद काढला, त बोलली मी."

साक्षगंध झालं. जेवणं झाली. पुरणाची वाटी नीळकंठरावांच्या पानात दोनदा वाढली गेली, थोरल्या घरानं धाकट्याला वाढावी तशी.

आठवड्यानं उत्तमराव टाक न्यायला आले. प्रतिमानं देवीला दूधपाण्यानं धुतलं, कुंकू लावलं, खणात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी दिलं. नीळकंठरावांशी ती चार दिवसांत बोलली नव्हती. देव्हाऱ्यात टाकाच्या जागी एक सुपारी ठेवली, तिलाच हळदीकुंकू वाहिलं आणि मग चहा घेतला.

"भाऊजी, शुक्रवारी मी तिकडे येत जाईन नैवेद्य घेऊन," ती दाराशी म्हणाली.

"या ना वैनी. देवी काय कोठी पयून राह्यली?" उत्तमराव म्हणाले. आणि जाता जाता, "भाऊ, तेवढं वंशावयीत दुरुस्त करून ठेवजा. पुरावा पायजे."

नीळकंठराव फ्लेक्स जमिनीवर अंथरून बसले. रेणुकाबाईंना जिवंत केलं. निळी चौकट पांढऱ्या कागदानं झाकून लाल चौकटीत सुवाच्य लिहिलं: 'चांगुणा, विवाहानंतर रेणुका'. ही नोंद एवढी देखणी उतरली की त्यांना हुरूप आला. असा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव घालायचं ठरलं. फोन करकरून त्यांनी आईचं, काकूंचं, पुण्याच्या वहिनीचं मिळवलं. लिहीत लिहीत स्वतःच्या चौकटीपर्यंत आले.

'प्रतिमा. माहेरचे नाव'

पेन थांबलं. आपणच ताटातल्या तांदळात अंगठीनं 'प्रतिमा' लिहिलं होतं, ते स्पष्ट आठवत होतं. अक्षरही सुरेख आलं होतं. त्याआधी तिचं नाव काय होतं, ते काही केल्या आठवेना.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "ते तुझं, लग्नाआधीचं?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"शोधा की," प्रतिमा म्हणाली. "तोंडी सांगितलेलं तुम्हाला कुठं चालतं?"