करंगळीची स्थिती जैसे थे

सन १९९९च्या घटस्थापनेला कोल्हापुरात एकाच उंबऱ्यावर दोन संशोधनांचा शुभारंभ झाला. माझा विषय 'मधुमेही रुग्णांचे पायांच्या निगेविषयीचे ज्ञान', नर्सिंगच्या पदव्युत्तर पदवीसाठी. हॉस्टेलच्या खोलीतली माझी सोबतीण प्रीती हिचा 'पूर्वप्राथमिक बालकांचे संख्याज्ञान', एम.एड.साठी. शुक्रवार पेठेतल्या चिमणाबाईंच्या घरी एक मधुमेही आज्जी होती, म्हणजे त्या स्वतः, आणि पाच वर्षांची एक नात, रूपाली. असं घर सापडणं हे पूर्वसुकृतच. दोघींची पायपीट वाचली.

माझ्या यादीत साठ रुग्ण होते. तिसांना चित्रांचा तक्ता दाखवून शिकवायचं: रोज पाय बघा, अनवाणी चालू नका, जखम झाली तर लगेच दवाखाना गाठा. उरलेल्या तिसांना काहीही सांगायचं नाही. हा नियंत्रित गट. शेवटी साऱ्यांची परीक्षा घ्यायची आणि ज्यांना शिकवलं नाही त्यांना येत नाही, हे शास्त्रशुद्ध सिद्ध करायचं. चिठ्ठ्या मी स्नान करून देवापुढेच टाकल्या. चिमणाबाई नियंत्रित गटात निघाल्या.

"परीक्षा वसुबारसेला. तोवर त्या तिसांपुढे अवाक्षर नको," गाईड मॅडम म्हणाल्या. मी सोमवार, संकष्टी आणि अख्खा चातुर्मास पाळणारी. मौनाचं मला काय नवल?

तिसऱ्या माळेला प्रीतीबरोबर गेले, तर रूपाली आज्जीच्या पायांची बोटं धरून मोजत होती. तिची पाटी तीच. शेवटच्या करंगळीपाशी ती थांबली.

"आज्जे, धाव्यात काटा हाय."

"असू दे की." चिमणाबाई माझ्याकडं वळल्या. "नऊ दिस अनवाणी देवीला जाती म्या. बाभळीचा काटा मोडला तरी कळत न्हाय, बघा बाई. आईची किरपा."

ती कृपा माझ्या तक्त्यावर पाचव्या चित्रात होती: 'पायाची संवेदना जाणे'. तक्ता पिशवीत होता. मी पिशवीचा बंद आवळला. शेजारी प्रीतीनं नोंद केली: दहापर्यंत अचूक, पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना विचारलं, "काटा तरी काढू का?"

"काढताना ती विचारेल, कशाला काढता. ते सांगितलंस की शिकवणं झालं."

"न बोलता काढला तर?"

"ते प्रात्यक्षिक." मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "फारच वाटत असेल तर नीतिमत्ता समितीकडे अर्ज कर. तीन प्रतींत."

समितीचं उत्तर चारच दिवसांत आलं, हे मान्य केलं पाहिजे. 'सदर करंगळीचा विषय तुळशीच्या लग्नानंतरच्या बैठकीत घेण्यात येईल. तोपर्यंत करंगळीची स्थिती जैसे थे ठेवावी.'

पत्राची प्रत करंगळीला गेली नव्हती. दसऱ्यापर्यंत ती काळी पडली.

"बाई, तुमी दवाखान्यातल्या. ह्यो पाय असा कशानं झालाय ओ?"

"वसुबारसेनंतर सांगते, आज्जी."

"का? तवर मुहूर्त न्हाय व्हय?"

मी मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं आणि पायताण घालून बाहेर पडले.

कोजागरीला मोठ्या दवाखान्यात करंगळी काढली. वसुबारसेला मी परीक्षा घेतली. चिमणाबाईंना चोवीसपैकी चोवीस.

"पाय रोज बघावेत का?"

"बघावंत. दुसऱ्याला बी दावावंत. आन् दावल्यावर त्यानं त्वांड उघडावं, ह्ये बी लिवा."

"त्याला रकाना नाही, आज्जी."

मॅडम गुण बघून हादरल्या. "न शिकवता एवढं ज्ञान? ही बाई सगळा निकाल बिघडवते. वगळ हिला." चिमणाबाईंना यादीतून काढलं. काढलं जाण्याची आता त्यांना सवय झाली असेल, असं मला वाटलं.

त्याच दिवशी प्रीतीनंही रूपालीची दुसरी चाचणी घेतली.

"माणसाच्या दोन पायांना मिळून बोटं किती?"

"कुणाच्या?"

"कुणाच्याही."

"आज्जीच्या नऊ."

"नीट बघून सांग."

"तुमीच बघा की."

प्रीतीनं बघितलं, पण उत्तरसूचीत. तिथं दहा होतं. तिनं शेरा लिहिला: 'संख्याज्ञानात घट. कारण, घरातील दुर्लक्ष.'

दोघींनाही प्रथम श्रेणी मिळाली. 'नियंत्रित गटातील भगिनींनी निष्ठेने अज्ञान पाळले, याबद्दल ऋण' हे वाक्य मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातलं. मौन मोडलं नव्हतं, म्हणून रीतसर उद्यापन करून पाच सवाष्णींना खीर-पुरीचं जेवणही दिलं. चिमणाबाईंना गोड चालत नाही, म्हणून बोलावलं नाही.

आता वाचकांची चाचणी. प्रश्न एकच. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांना बोटं किती? जागेवरून न उठता दहा लिहिलंत ना? पैकीच्या पैकी. उठून बघायला जाणाऱ्यांचे गुण कापले जातील.