पाहायला आलेली मंडळी

"कचरूभाऊ, साहेब आले की आधी पाणी द्यायचं. मग मी बोलीन. तुम्ही मधात एक शब्द बोलायचा नाही," मयुरी इंगळेनं पुन्हा बजावलं आणि नव्या अंजिरी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

"मी कायले बोलतो? मागच्या साहेबाले मी फक्त इतलंच सांगतलं, की पावसाळ्यात चित्रं पाहाची तं छत्री घेऊन फिरा लागते."

"तेच नाही सांगायचं."

शहराच्या कला संग्रहालयाचा आज निकाल होता. एवढा ऐसपैस हॉल चित्रांनी अडवून ठेवण्यापेक्षा लग्नकार्याला भाड्यानं द्यावा, चित्रं काय जिन्याखालीही राहतील, असं नगरपालिकेतल्या काही विचारवंतांचं मत पडलं होतं. शेवटी जिल्ह्याहून तपासणी अधिकारी येऊन पाहतील आणि त्यांचा अहवाल सगळे मानतील, असं ठरलं. मयुरी इथली संग्रहपाल. हॉल गेला तर तिला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवणार होते. "तिथं निदान माणसं तरी येतात," असा दिलासाही तिला देण्यात आला होता.

संग्रहालयात भिंतभर लोणारचं सरोवर होतं. आसपासच्या प्रत्येक ड्रॉइंग मास्तरनं निवृत्त होण्याआधी ते एकदा रंगवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर घरच्यांनी ते संग्रहालयाला भेट देऊन टाकलं होतं. मधोमध एक अर्धपुतळा होता. तो कोणाचा हे कुणालाच माहीत नसल्यामुळे सर्व पक्षांना चालत होता.

उन्हं चढली तशी फाटकाशी एक जीप थांबली. तिच्यातून कौशल्याबाई, त्यांचे भाऊ आणि कडक इस्त्रीत अवघडलेला मुलगा प्रसेनजित असे तिघे उतरले. ही मंडळी वडनेर भोलजीहून मुलगी पाहायला आली होती. मुलगी उंद्रीची, नाव डिंपल. मध्यस्थानं जागा सुचवली ती संग्रहालयाची. दोन्हीकडच्यांना सोयीची, बसायला बाकं, आणि ओळखीचं कोणी भेटायची अजिबात भीती नाही. मुलीकडचे आधीच येऊन थांबतील, असंही त्यानं सांगितलं होतं. मुलीकडच्यांची एसटी मात्र चिखलीच्या अलीकडे पंक्चर होऊन उभी होती. वाचकांना हे माहीत असलेलं बरं. मयुरीला माहीत नव्हतं.

"आम्ही पाहाले आलो," मामा म्हणाले.

"हो हो, तुमचीच वाट पाहत होते. या ना!" एका साहेबाऐवजी अख्खं पथक आलेलं पाहून मयुरी लगबगीनं म्हणाली.

कौशल्याबाईंनी तिला नखापासून केसांपर्यंत पाहून घेतलं. फोटोत पोरगी गोल तोंडाची होती, समोर आली ती उभट. पण मोबाइलमध्ये माणसं सुजतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाकीचं कोणी दिसत नाई?"

"बाकी कोणी नाहीच. सगळं मी एकटी सांभाळते. आणि हे कचरूभाऊ. पहिल्या दिवसापासून हेच आहेत."

"जयभीम सोयरे!" म्हणत मामांनी कचरूभाऊंना कडकडून मिठी मारली. साहेब लोक शिपायाला मिठी मारतात, हे कचरूभाऊंना नवीन होतं. बोलायला बंदी असल्यामुळे त्यांनी मुकाट्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

"बाप गरीब हाय बिचारा," मामा बहिणीच्या कानात, पण कचरूभाऊंनाही ऐकू जाईल असं पुटपुटले.

"शिक्षण काय झालं म्हणायचं?" कौशल्याबाईंनी सुरुवात केली.

"नागपूरला झालं. चित्रकलेचं."

"कागदावर तं बी.ए. लिहेल होतं."

"कागद जुना असेल."

"असीन. याच्या आधी कोणी पाहून गेलं?"

मयुरीनं सुस्कारा सोडला. "तीन वेळा. पोहे खाऊन जातात, कळवतो म्हणतात. एकांना फारच जुनाट वाटलं. दुसरे म्हणाले, हा खर्च आम्हाला झेपायचा नाही."

"अशे तोंडावर बोलले व माय?" कौशल्याबाईंचा जीव कळवळला.

"तुमच्यापासून लपवत नाही. वरून थोडी गळती आहे. पण बांधणी भक्कम आहे."

"गळतीचं काय घेऊन बसली! गळती तं मलेही होती. मेथी वाटून लाव."

मयुरी थक्कच झाली. जुन्या बांधकामात चुन्यात मेथी वाटून घालत, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. हे ठाऊक असणारी अधिकारी बाई तिला पहिल्यांदाच भेटत होती.

"बरं, जरा चालून दाखवशीन का?"

"चालता चालताच दाखवते," मयुरी म्हणाली आणि पुढं झाली. मग तिनं पहाटेचं लोणार दाखवलं, दुपारचं दाखवलं, तिन्हीसांजेचं दाखवलं. मंडळी मागोमाग तिची चाल पाहत निघाली. प्रसेनजित तेवढा एका चित्रापाशी अडकला.

"हे पाणी आतून उजळल्यावाणी कसं दिसून राह्यलं?" सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"तिथं रंगच लावलेला नाही. कोरा कागद सोडलाय," मयुरी म्हणाली. असा प्रश्न विचारणारा अधिकारी हॉल लग्नांना देणार नाही, अशी तिला आशा वाटू लागली.

"तुह्या काही अपेक्षा?" मामांनी विचारलं.

"फार नाहीत. वर चांगलं छत हवं. आणि माणसांची ये-जा हवी."

"स्लॅबच हाय! आन् माणसांचं म्हणशीन तं आमच्याकडं दिवसभर चहा सुरू राह्यते."

तेवढ्यात मयुरीचा फोन वाजला. "मॅडम, तपासणी अधिकारी तायडे बोलतोय. मला दुसरीकडे थांबावं लागतंय, आज येणं होत नाही. अहवाल मात्र आजच द्यायचाय. एखाद्या नागरिकाच्या अभिप्रायाचा व्हिडिओ पाठवून द्या."

मयुरीनं फोन ठेवला आणि समोरच्या तिघांकडे पाहतच राहिली. हे साहेब नाहीत, तर मग कोण? तिच्या डोक्यात एकच उत्तर आलं. प्रेक्षक! खरेखुरे!

"तुम्ही... आपल्या मनानं आलात? कोणी पाठवलं नाही?"

"मनानंच, बाई. यात जबरदस्ती कशी चालीन?"

"मग जे वाटलं ते व्हिडिओवर सांगाल? वर पाठवायचंय."

आजकाल मुलीकडच्यांनाही पुरावा लागतो, हे कौशल्याबाईंनी समजून घेतलं. त्यांनी पदर सारखा केला. मोबाइल कचरूभाऊंच्या हाती होता. त्यांनी भिंती सोडून मयुरीवरच धरला. हॉलमध्ये तीच काय ती हलत होती.

"आम्ही पाह्यलं, आम्हाले एक नंबर पसंत हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. "आधीच्यायनं नाकारलं, ते त्यायचं कर्म. थोडी गळती हाय, पण लपवली नाई. सारं साफसूफ, बोलणं गोड. असं आपल्या घरात असावं, असं वाट्टे. दुसऱ्या कोणी नेण्याच्या आत ठरवून टाका म्हणा!"

मयुरीनं डोळे पुसले आणि व्हिडिओ पाठवून दिला.

याच वेळी दारातून धापा टाकत एक गृहस्थ आत आले. हातात चिवड्याची पिशवी, मागं धुळीनं माखलेली एक गोल तोंडाची मुलगी. "माफी करा पाहुणे, येष्टी पंचर झाली. हे आमची डिंपल."

कौशल्याबाईंनी डिंपलकडे पाहिलं, मग मयुरीकडे.

"मंग हे कोण?"

"ह्या म्याडम हाय. सरकारी," कचरूभाऊ म्हणाले. "आन् मी यायचा बाप नाई. मले कोणी विचारलंच नाई."

मयुरीनं झडप घालून मोबाइल घेतला. व्हिडिओखाली दोन निळ्या खुणा कधीच उमटल्या होत्या.

डिंपलला पाहण्याचा कार्यक्रम मग अर्धपुतळ्यासमोर उरकला. विचारायचे प्रश्न एकदा वापरून झाल्यामुळे कौशल्याबाईंना नवं काही सुचेना. प्रसेनजितनंच डिंपलला चित्रापाशी नेलं. "पाणी उजळ दिसते, काऊन की तिथं रंगच लावेल नाई."

डिंपलनं निरखून पाहिलं. "मंग न लावाचंच काम कठीण असन."

मामांनी तिथल्या तिथं चिवडा फोडला. मंडळी हसत निघून गेली. मयुरी मात्र बाकावर बसून राहिली. डोळ्यांसमोर जन्म-मृत्यूची खिडकी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तायडे साहेबांचा फोन आला. तिनं तो डोळे मिटूनच घेतला.

"मॅडम, अहवाल गेला. हॉल लग्नकार्यास देऊ नये, असं स्पष्ट नमूद केलंय. 'असं आपल्या घरात असावं असं वाटतं,' असा अभिप्राय मी नोकरीत आजवर ऐकला नव्हता. व्हिडिओ बऱ्याचदा पाहिला."

मयुरीनं डोळे उघडले. "आभारी आहे, सर."

"तरी एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावं म्हणतो. रविवारी येऊ?"

एका दिवसात माणूस बरंच शिकतं. मयुरीनं साडीबिडीचा विचार करण्याआधी विचारलं, "नेमकं काय पाहायला, सर? आणि तपासणी पथकात कोण कोण असेल?"

पलीकडे साहेबांनी दोनदा घसा खाकरला. मग आवाज आला, पण त्यातली शुद्ध सरकारी मराठी कुठं तरी गळून पडली होती.

"मी येतो... आन् संग माही आई."