आलोचचा सत्कार

शनिवारी संध्याकाळी सहाला शाळेच्या सभागृहात आलोचचा सत्कार होता, आणि सव्वासहा झाले तरी आलोचचा पत्ता नव्हता. याचं नवल कुणालाच वाटलं नाही. नवल वाटलं असतं ते तो वेळेवर आला असता तर.

आता, त्याचं हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. वर्तमानपत्रं त्याला 'तुफान' म्हणायची. चारशे मीटरचा देशातला विक्रम नऊ वर्षं त्याच्या नावावर होता. पण गल्लीत त्याला कुणी तुफान म्हटलं असतं तर लोकांनी हसून पोट धरलं असतं. त्याला कधीही फोन करा, पलीकडून एकच शब्द यायचा: "आलोच." मग माणूस दिवे लागेपर्यंत यायचा नाही. पंचेचाळीस सेकंदांत मैदानाला फेरी मारणारा हा गृहस्थ घरून कोपऱ्यावरच्या दुकानात पोचायला दीड तास घ्यायचा. तेव्हा गल्लीने आपलं सोपं नाव ठेवलं.

सभागृहात दोनशे माणसं होती, पण घाम फुटला होता एकट्या सरांना. सर म्हणजे शाळेचे खेळाचे शिक्षक. एकतीस वर्षं त्याच मैदानावर शिट्टी फुंकत आलेले. आलोचला पहिल्यांदा पळायला लावलं तेही त्यांनीच. आणि आता त्या मैदानावर डांबर पडणार होतं. शाळेला सात नव्या बस मिळाल्या होत्या, त्या उभ्या करायला जागा नव्हती, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खिडकीतून बोट दाखवून म्हटलं होतं, "ही काय, एवढी मोकळी पडलीये की."

सर बाईंच्या पाया पडायचेच काय ते बाकी राहिले होते. शेवटी त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला. आलोच आता स्पर्धांतून निवृत्त झालाय, तो रोज सकाळी आपल्या मुलांना शिकवील, शाळेचं नाव होईल. बाई विचारात पडल्या. पण बाईही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, शनिवारी सात वाजायच्या आत त्याने सगळ्यांसमोर 'हो' म्हणायचं. नाही म्हणाला तर सोमवारी सकाळी रोलर येईल.

आता बाई पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत होत्या. शाळेची घंटा भिंतीवरच्या घड्याळावर नाही, बाईंच्या मनगटावरच्या घड्याळावर वाजायची, यावरून काय ते समजा.

सरांनी पुन्हा फोन लावला. उचलला आलोचच्या मेहुण्याने, बायकोच्या भावाने. आलोचला सगळीकडे गाडीतून नेण्या-आणण्याचं काम त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, "मी त्यांना अडीचलाच शाळेच्या मागच्या दाराशी सोडलंय. फोन गाडीत विसरले. मी पंक्चर काढतोय."

सरांनी एक अक्षर खरं मानलं नाही. या कुटुंबातला माणूस अंथरुणात असला तरी 'अर्ध्या वाटेत आहे' म्हणून सांगतो, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवाने पाठ झालं होतं. त्यांनी फोन खिशात टाकला, माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की पाहुणे येईपर्यंत चाहत्यांनी आपापल्या आठवणी सांगाव्यात. मैदानावरच्या नकोत, त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. मैदानाबाहेर माणूस म्हणून तो कसा आहे, ते सांगावं. बाईंना तेवढंच ऐकायला बरं, असा त्यांचा हिशेब.

सुरुवात झकास झाली. बँकेतले कॅशियर म्हणाले, इतका मोठा माणूस, पण गर्व नाही. त्यांच्यानंतर उठलेल्या एक आजी म्हणाल्या, गर्व अजिबात नाही. मग एक काका उठले, त्यांनी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की त्याला गर्व नाही. अकरा मिनिटांत चांगल्या आठवणी संपल्या. घड्याळात साडेसहा.

"आणखी कुणी?" सरांनी विचारलं, आणि इथेच घात झाला. कारण केस कापणारे दादा उठले.

दादा मनाने सरळ माणूस. कौतुकच करायचं म्हणून उठले होते. ते म्हणाले, एकदा हा दाढीला माझ्या खुर्चीत बसला. एक गाल झाला, दुसऱ्याला साबण लावला, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली. हा 'आलोच' म्हणाला आणि साबणासकट गेला. "आठव्या दिवशी आला. एका गालावर बोटभर दाढी. म्हणतो, दादा, मघाशी राहिलं होतं ते करून टाका."

सभागृह फुटलं. एकदा हशा मिळाला की माणसाला आवरत नाही, आणि दुसऱ्याला मिळालेला तर बघवतच नाही. दातांचे डॉक्टर उठले. त्यांनी सांगितलं की दाढ काढण्यासाठी यांनी माझ्याकडे जी वेळ घेतली होती तिला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. मधल्या काळात ती दाढ कंटाळून आपली आपण पडली. फोटोग्राफर म्हणाला, याच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरीशेजारी एका माणसाची जागा रिकामी सोडलीये, आणि नवऱ्याला मी नंतर स्टुडिओत चिकटवलाय. चिकटवायलासुद्धा तो दोन महिने आला नाही. शेजारच्या काकू उठल्या. याने त्यांना गाडी आणतो म्हणून चौकात उभं केलं होतं. उभ्या उभ्या त्यांची एका अनोळखी बाईंशी ओळख झाली, मग घरची चौकशी झाली, मग मुलाबाळांची. "माझ्या मुलीचं लग्न त्यांच्या मुलाशी जमलं," काकू म्हणाल्या. "गाडी अजून यायचीये."

लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी होते. बाई मात्र हसत नव्हत्या. त्यांची भुवई एकेका आठवणीला एकेक पायरी चढत होती, आणि घड्याळात पावणेसात झाले होते. सरांना दिसायला लागलं की आपण आपल्याच हाताने मैदानावर डांबर ओततोय. हा माणूस रोज सकाळी येईल यावर आता त्याची स्वतःची आईसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

सरांनी माईक ओढून घेतला. काहीतरी बाजू सावरायला हवी म्हणून त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि वीस वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं.

"बाई, तो येतो. अगदी वेळेवर येतो. फक्त त्याला दोन तास आधीची वेळ सांगावी लागते. मी प्रत्येक शर्यतीला तसंच केलंय. आजसुद्धा त्याच्या ताईकडे चारचा निरोप दिलाय. सहाचा कार्यक्रम, म्हणून चार."

चौथ्या रांगेतून आलोचची थोरली बहीण उठली. शाळेसमोरची लाँड्री तिची. ती चांगलीच गोंधळली होती. "अहो, मग मला तसं सांगायचं ना. मला वाटलं खरंच चारला आहे. मी त्याच्या मेहुण्याला दोन सांगितलं."

मेहुणा नेमका तेवढ्यात काळ्या हातांनी दारातून आत येत होता. त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "मी बारा सांगितलं."

दोनशे माणसांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. मग एकदमच सगळ्यांच्या लक्षात आलं की बाराला बोलावलेला माणूस खरंच अडीचला आला असणार. पण मग तो गेला कुठे?

व्यासपीठाच्या बाजूला खेळाच्या सामानाच्या खोलीचं दार होतं. प्लायवूडचं, जेमतेम बोटभर जाडीचं. ते उघडलं आणि आलोच बाहेर आला. त्याच्या एका गालावर चटईची नक्षी उमटली होती, केसांत धूळ होती, आणि चेहरा रडवेला झाला होता.

झालं होतं असं. अडीचला तो आला, तेव्हा सभागृहात सत्काराचा फलक लागलेला, खुर्च्या वेड्यावाकड्या, माणूस एकही नाही. त्याला वाटलं, आपण अडीच तास उशीर केला, लोक वाट बघून घरी गेले. आता सरांना काय तोंड दाखवायचं? चांगलीशी सबब सुचेपर्यंत तो सामानाच्या खोलीत चटयांवर आडवा झाला आणि सबब सुचायच्या आधी झोप लागली. जाग आली ती दादांच्या आवाजाने. दाढीपासून पुढचं सगळं त्याने ऐकलं होतं.

त्याने सरांच्या हातातला माईक घेतला. "वीस वर्षं तुम्ही मला उशिरा येणारा म्हणताय," तो म्हणाला, "आणि वीस वर्षं मला खोटी वेळ सांगताय. दोन तास आधीची वेळ सांगितलीत, मी दोन तासांनी आलो. म्हणजे मी वेळेवरच येत होतो. आज तर साडेतीन तास आधी आलोय."

हिशेबात कुणालाच चूक काढता येईना. कॅशियर तर बोटांवर मोजून 'बरोबर आहे' म्हणाले. दाढेचं आणि एका गालाचं काय, असं विचारायचं दादांच्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्याचे डोळे भरलेले पाहून ते बसले. त्याला खरंच लागलं होतं. सरांनाही वाईट वाटलं. एकतीस वर्षांत जिवापाड जपलेला एकच विद्यार्थी, आणि त्याला आपण लबाडीने वागवलं.

आलोचने तिथल्या तिथे सरांकडून वदवून घेतलं की यापुढे त्याला खरीच वेळ सांगायची, मिनिटाचाही फरक करायचा नाही. सरांनी माईकवरून शब्द दिला. मग तो बाईंकडे वळला आणि म्हणाला की मी मुलांना शिकवीन, रोज शिकवीन. सातला दोन मिनिटं कमी होती.

बाई उठल्या. "हो म्हणालात, ऐकलं. पण मघापासून बाकीचंही ऐकलंय. सोमवारी सकाळी सहाला रोलर फाटकाशी उभा असेल. माझ्या घड्याळात सहा वाजता तुम्ही मैदानावर असलात तर तो परत जाईल. नसलात तर आत येईल."

सरांचा रविवार कसा गेला ते त्यांच्या बायकोला विचारावं. खरी वेळ म्हणजे सहा. सहा म्हटलं की हा उगवणार साडेआठला. तोवर निम्मं मैदान काळं झालेलं असणार. आणि शब्द दिल्यामुळे चार सांगायचीही सोय राहिली नव्हती. रात्रभर कूस बदलून बदलून त्यांना एकच मार्ग दिसला. वेळ खोटी सांगायची नाही, पण माणूस उचलून आणायला कुणाची बंदी आहे?

सोमवारी पाच वाजून दहा मिनिटांनी ते आलोचच्या दाराशी हजर झाले. घंटा वाजवली. कुणी उघडेना. बायको माहेरी गेलेली, हा ढाराढूर झोपलेला, त्यांनी ओळखलं. त्यांनी दार ठोठावलं, मग बडवलं, मग गळ्यातली शिट्टी काढून जोरात फुंकली. समोरची तीन दारं उघडली, हे काही उघडलं नाही. वरच्या मजल्यावरून ताई खाली आली. तिच्याकडे जादा किल्ली होती, पण ती इस्त्रीला घरी आणलेल्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या कोटात राहिलेली, आणि कोट होते चाळीस. दोघांनी मिळून ऐंशी खिसे तपासले. किल्ली मिळून दार उघडेपर्यंत सहाला पाच कमी होती.

आत कुणी नव्हतं. पलंगावर पांघरुणाची नीट चौकोनी घडी घातलेली होती. ती बघून ताईने छातीवर हात ठेवला. "सर, याला काहीतरी झालंय. जन्मात याने कधी पांघरूण घडी केलं नाही."

त्यांनी न्हाणीघर पाहिलं, गॅलरी पाहिली, ताईने तर कपाटही उघडून बघितलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात येऊन वैतागून म्हणाले, "काय चालवलंय सकाळी सकाळी? तो साडेचारलाच गेला. पळत."

सर निघाले ते पायांत घरच्या सपाता तशाच ठेवून. एक वाटेत गेली. फाटकाशी ते पोचले तेव्हा रोलर तोंड फिरवून परत जात होता, आणि रोलरवाल्याने त्यांना हात केला. मैदानावर चाळीस मुलं ओळीत उभी होती. ओळीसमोर आलोच, त्याच्या शेजारी मोठ्या बाई. बाईंच्या हातात हजेरीचा कागद होता. मैदान वाचलं होतं. सरांना इतका आनंद झाला की त्यांचे डोळे पाण्याने भरले. ते एका सपातेवर धावत त्याला मिठी मारायला गेले.

आलोच एक पाऊल मागे सरला.

"सहा पंचवीस," बाईंनी घड्याळ बघून सांगितलं.

"उशिरा येणाऱ्याला दोन फेऱ्या," आलोच म्हणाला. "सगळ्यांना तोच नियम, सर. मुलं बघतायत."

सरांनी तोंड उघडलं. मी तुलाच आणायला गेलो होतो, किल्ली कोटात होती, ऐंशी खिसे होते, असं बरंच सांगायचं होतं. पण उशीर करून आलेला माणूस अशीच लांबलचक हकीकत सांगतो, हे त्यांनी स्वतः एकतीस वर्षं ऐकलं होतं. त्यांनी उरलेली सपात काढून हातात घेतली आणि पळायला लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ते पहिल्या वळणावर पोचले तेव्हा बाईंनी पेन काढून विचारलं, "उद्यापासून वेळ काय लिहू?"

"सहाच लिहा," आलोच म्हणाला. मग लांब पळणाऱ्या सरांकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "फक्त सरांना चार सांगा."