समोरून दुखणारा गुडघा आणि मागून दुखणारा गुडघा

स्वतःबद्दल स्वतःच बोलणं बरं नव्हे, पण दुसरं कुणी बोलत नाही, त्यामुळे माझा नाइलाज आहे. माणसाच्या चपलांकडे नुसती नजर टाकून तो कुठून आला हे मी सांगू शकतो. बऱ्याचदा तो तिथून आलेला नसतो, पण त्यात माझी काय चूक? त्याने तिथूनच यायला हवं होतं. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो आणि उरलेल्या वेळात खासगी गुप्तहेर असतो. माझ्याकडे आलेलं एकही प्रकरण आजवर पोलिसांपर्यंत गेलेलं नाही. तुमच्याकडे तरी कुठे येतं, तुम्हीच त्याच्याकडे जाता, असं बायको म्हणते. थोर माणसांच्या बायका असंच बोलतात.

हे प्रकरण मात्र खरोखरच चालत माझ्याकडे आलं, तेही लंगडत.

आमच्या घरात दोन भाऊ, दोन जावा आणि एक सायकल आहे. सकाळी ती माझी बायको शाळेत शिकवायला जाताना नेते आणि दुपारी वहिनी रोपवाटिकेत कामाला जाताना. बायको चांगली उंच आहे. वहिनी तिच्या खांद्याला लागतात. याचा प्रकरणाशी काही संबंध नाही, पण गुप्तहेराने बारीकसारीक गोष्टी नोंदवून ठेवाव्यात.

मुलं शिकायला परगावी गेल्यावर वहिनी सायकल शिकल्या आणि आयुष्यातली पहिली नोकरी धरली. रोपं लावताना त्या गाणं गुणगुणतात, असं रोपवाटिकेची मालकीण सांगते. घरात आम्ही त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. हे ऐकून मला जरा लाजच वाटली होती.

तर रविवारी सकाळी चहा पिताना वहिनी म्हणाल्या, "उद्या मालकिणीला सांगून टाकते, मला नाही जमायचं म्हणून. सायकल चालवली की गुडघा धरतो. तिकडे बस जात नाही. वयच झालं माझं, दुसरं काय."

"माझाही दुखतो हो ताई," बायको म्हणाली. "मी कुठे वयाचं नाव काढतेय?"

दादाने वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं. "दोघींचेही दुखतात ना? मग विकून टाका ती सायकल. येता-जाता माझ्या नडगीला लागते."

वहिनींनी रिकामे कप गोळा केले आणि त्यात माझा भरलेला कपही नेला. त्यांचं लक्ष नव्हतं हे मी तेवढ्यावरून ताडलं.

"थांबा!" मी उभा राहिलो. "हे प्रकरण मी हातात घेतो. आज संध्याकाळपर्यंत छडा लावला नाही, तर नावाचा गुप्तहेर नाही."

"नावाचाच आहेस," दादा म्हणाला.

मी दोघींना सोफ्यावर बसवलं आणि दुकानात नंबर काढताना घेतो तशी उलटतपासणी सुरू केली. "घाई नको. नीट विचार करून सांगा. गुडघा समोरून दुखतो... की मागून? पहिलं जास्त, की दुसरं?"

"समोरून," बायको म्हणाली.

"मागून," वहिनी म्हणाल्या.

सायकल एक, रस्ता बहुतेक एकच, आणि दुखणं मात्र दोन बाजूंना. साधा माणूस इथे गोंधळला असता. मीही गोंधळलो, पण पद्धतशीरपणे. अखेर मला उलगडा झाला. हा संसर्ग होता! दुखणं बायकोच्या गुडघ्यात समोरून शिरत होतं आणि सीटवाटे वहिनींच्या गुडघ्यातून मागच्या बाजूने बाहेर पडत होतं. मी दोघींना सोफ्याच्या दोन टोकांना बसायला लावलं आणि पुढील आदेशापर्यंत जवळ यायला मनाई केली.

"मग भाजी कोण निवडणार, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

आदेश तात्पुरता शिथिल करावा लागला.

नंतर मी चालत्या सायकलचं निरीक्षण करायचं ठरवलं. बायको सायकलवर आणि मी मागे धावत, अशी आमची वरात रोपवाटिकेच्या वाटेवरच्या चढापर्यंत गेली. रस्त्याचा उतार, वाऱ्याची दिशा, वाटेतले खड्डे, सगळ्याकडे माझं बारीक लक्ष होतं. एका खड्ड्याकडे ते जरा उशिरा गेलं. घरी आलो तेव्हा माझाही गुडघा दुखत होता, समोरून आणि मागून दोन्हीकडून. संसर्गाचा याहून भक्कम पुरावा कुठला?

"तो पडल्याचा मार आहे," बायको मलम लावत म्हणाली. मलमाऐवजी तिने आधी हाताला लागेल तो हळदीचा डबा उचलला होता, इतकी ती माझ्यावर वैतागली होती.

दुपारी मात्र प्रकरणाला कलाटणी मिळाली. मी सायकल भिंगाखालून तपासत असताना साखळीवर ताजं तेल दिसलं, आणि तसंच काळं तेल मला दादाच्या नखांत दिसलं. नडगीचा राग, विकायची घाई आणि नखांतलं तेल! मी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, पडदा ओढला, दोनदा खाकरलो आणि दादाकडे बोट दाखवलं.

"सायकलमध्ये घातपात करणारा इसम याच खोलीत बसला आहे!"

"तेल घातलं मी, काल," दादा शांतपणे म्हणाला. "साखळी करकरत होती. म्हटलं, चढावर हिला जड जात असेल."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने असं काही केल्याचं त्या पहिल्यांदाच ऐकत असाव्यात. दादा कानापर्यंत लाल झाला आणि तो राग त्याने माझ्यावर काढला. "एक बरंय. तुझी अक्कल जिथे आहे, तपासही तिथलाच चाललाय."

मी पडदा उघडला. विषय बदलावा म्हणून बायको म्हणाली, "खरं सांगू का ताई? ती सीट मला बुटकी पडते हो. गुडघे पार पोटाशी येतात. पण तुम्हाला तेवढीच लागते, म्हणून मी कधी हात लावला नाही."

"मला?" वहिनी ताडकन उठल्या. "अगं, मला ती उंच पडते! पेडल खाली गेलं की पाय ताणून ताणून नुसती बोटं टेकतात. मला वाटलं, तू तुझ्या मापाने ठेवली आहेस. रोज कशाला तुझं माप मोडायचं?"

"मग ती आहे तरी कुणाच्या मापाची?" बायकोने विचारलं.

दादा बाहेर गेला, सायकल उचलून आत घेऊन आला आणि मला म्हणाला, "बस."

मी बसलो. पाय पेडलवर असे बरोब्बर टेकले की मला घाम फुटला.

"दुकानातून ही चालवत घरी कुणी आणली होती?" दादाने विचारलं.

मी आणली होती. दुकानदाराने मला वर बसवून माझ्या मापाने सीट आवळून दिली होती. त्यानंतर आजपर्यंत मी त्या सायकलला हात लावला नव्हता, आणि एकमेकींचं मन राखण्यासाठी त्या दोघींनी सीटला. संशयितांच्या यादीत मी घरातल्या सगळ्यांना घेतलं होतं, स्वतःला घ्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

सीटखालची कळ सैल करायला बायकोला एक श्वाससुद्धा लागला नाही. "तुम्ही घरी आलात की मी वर करीन, आणि जाताना तुम्ही खाली करा."

"रोज? तुला त्रास नाही का व्हायचा?"

"झाला तर सांगेन ना," बायको म्हणाली. "तुम्हीही सांगत जा."

वहिनींनी सीट पार खाली घेतली आणि "एक चक्कर मारून बघते" म्हणून निघाल्या. दादाने चहा टाकला. चहा उकळला, गाळला, गार झाला, तरी त्यांचा पत्ता नाही. दादा गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत येरझारा घालत होता. मी अपहरणाची शक्यता बोलून दाखवली, तेव्हा बायकोने माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जरा जोरातच ठेवला.

दिवे लागायच्या सुमाराला वहिनी आल्या. केस विस्कटलेले, तोंड उन्हाने तांबडं झालेलं. दारात सायकल लावताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. आम्हाला बघून थांबल्या.

प्रकरण रीतसर बंद करायचं म्हणून मी विचारलं, "वहिनी, गुडघा कसा आहे?"

"अगबाई," वहिनी म्हणाल्या, "त्याच्याकडे लक्ष द्यायचं राहूनच गेलं. उद्या कामावरून आले की सांगते."