नववीच्या गणिताच्या पेपरावर वॉटरमार्क चढविला त्याची हकीकत

शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, माघ मास. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा उठोन पाळणेवाले आपला सरंजाम ट्रकांत भरोन निघोन गेले होते, ते समयी सोलापूर शहरी, सात रस्त्यानजीक एका प्रशालेत, नववीच्या गणिताच्या पेपरावर वॉटरमार्क चढविण्याची जी मोहीम जाहली, तिचा हा मजकूर. प्रशालेचे नांव मुद्दाम लिहिले नाही. अब्रू सर्वांसच आहे. ही हकीकत लोक नाना प्रकारे सांगतात, कोणी पदरचे दोन शब्द घालतो, कोणी लाजेकाजेस्तव चार गाळतो. ऐसियास आम्ही दाही दिशांनी चौकशी करोन, शिपायापासोन साहेबांपर्यंत सर्वांच्या जबान्या ऐकोन, जे खरे ठरले तेच लिहिले. वाचणाराने चहा पुढे घेवोन स्वस्थ चित्ते वाचावे.

प्रशालेच्या दफ्तरी दानेश्वरीबाई म्हणोन कारकून. वळसंगची लेक. रोज सकाळी डबा बांधोन अक्कलकोटहून येणाऱ्या एस.टी.त स्वारी चढे, आणि जागा मिळाली तर बसोन, न मिळाली तर उभ्याने, ऐन घंटेच्या आत दफ्तरी रुजू होई. घरी मायलेकींत कानडी, दफ्तरी मराठी, आणि संगणक अडोन बसला तर दोन्ही भाषांत त्याचा उद्धार, ऐसा तिचा शिरस्ता. सर्व इयत्तांचे पेपर टंकावे, छापावे, पाकिटांत घालोन मोहोर करावी, हे काम तिच्याच शिरी होते, आणि ते ती ऐसे नेटके करी की बोट ठेवण्यास जागा नसे. परंतु नोकरी कच्ची. तीन वर्षे जाहली, सेवेत कायम करण्याचा प्रस्ताव साहेबांच्या मेजावर होता, आणि मेजावरच होता.

मग आश्विन मासी घात जाहला. सहामाहीचा नववीचा गणिताचा पेपर परीक्षेच्या आदले दिवशीच पोरांच्या मोबाइलांवर फिरला. मोठा हलकल्लोळ माजला. फोडला कोणी, हे कोणास ठाऊक नाही. परंतु टंकला कोणी, हे सर्वांस ठाऊक. मग काय विचारता! ज्याच्या हाती कळफलक त्याच्या माथी खापर. राजमान्य राजेश्री देवदत्तसाहेब, मुख्याध्यापक, यांनी मेमो काढिला, आणि तो बंद लखोट्यात न देता शिक्षकखोलीत सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला, की आपल्याच हातोन पेपर बाहेर गेला ऐसा संशय आहे, खुलासा करावा, तोवर कायम करण्याचा प्रस्ताव तहकूब. दानेश्वरीबाई पाण्याच्या फिल्टराशेजारी उभी होती, तिच्या हातातील पेला भरोन वाहू लागला तरी तिला भान नव्हते. त्या दिवसापासोन ती खोलीत शिरली की बोलणी बंद होत. घरी आई महादेवी, तिला हे काहीच सांगितले नाही. चार महिने तिने हे एकटीने गिळले, आणि गिळवत नव्हते.

तो माघात देवदत्तसाहेब कोण्या एका कार्यशाळेस जावोन आले आणि तेथोन नवी विद्या घेवोन आले. दुसरे दिवशी सर्वांस पाचारण करोन फर्मान सोडिले ते ऐसे. यापुढे प्रत्येक पेपराच्या पोटात, अक्षरांच्या खाली, तिरके आणि फिकट, ज्याची प्रत त्याचे नांव छापावे, त्यास वॉटरमार्क म्हणतात. नववी अ, नववी ब, नववी क, कार्यालय, ऐशा प्रती वेगळ्या असाव्या. ज्याची प्रत फुटेल त्याचे नांव फोटोत आपोआप येईल, मग चोर पळतो कोठे ते पाहू. चोर हा शब्द उच्चारतां साहेबांची नजर कोणीकडे गेली ते लिहिण्याची गरज नाही. दानेश्वरीबाईने मान खाली न घालता अर्ज केला की, साहेबांच्या प्रतीवरही घालावा काय? यावर साहेबांनी छाती पुढे काढोन हुकूम दिला की, अलबत घालावा, नियम राजास आणि रंकास एकच.

दानेश्वरीबाई मनी समजली की हा वॉटरमार्क येतो खरा मजवर पाळत ठेवण्यास, परंतु उद्या साक्ष देईल तर माझीच देईल. आपणांस वकील नाही, वशिला नाही, एवढा एकच साक्षीदार आहे, तो काही केल्या पानावर उभा केलाच पाहिजे. ऐसा निश्चय करोन, पदर खोचोन, ती संगणकापुढे बसली.

प्रथम हल्ला सकाळी अकरा वाजता जाहला. तिने येत्या चाचणीच्या गणिताच्या पेपराची फाइल उघडिली, वॉटरमार्काचे ठाणे शोधोन काढिले, 'नववी अ' ही अक्षरे लिहिली, तिरकी केली, फिकी केली, आणि छापण्याचा हुकूम सोडिला. छपाईयंत्रावर धोंडीराम शिपाई. चक्रमुद्रणाच्या काळापासोनचा जुना मोहरा, बोटांची शाई अद्याप गेली नाही. पान दुसरे बाहेर आले, त्यावर तिरके फिकट 'नववी अ'. धोंडीरामाने ते पान डोळ्यांशी धरिले आणि हळहळला.

"म्याडम, टोनर खलास होत आलाय की. अक्षर लई फिक्कं उमटाय लागलंय."

आणि उत्तराची वाट न पाहता यंत्राचे पोट उघडोन, टोनर बाहेर काढोन, दोहों हातीं धरोन ताक घुसळावे तैसा गदागदा हलविला, परत बसविला, पान काढिले, तरी फिके. पुन्हा हलविला. ऐसे पाच वेळा जाहले. मग त्याने छापलेली सर्व पाने रद्द ठरवोन टराटरा फाडिली आणि टोपलीत घातली, कारण पुसट प्रत वर्गात पाठविली तर साहेब अंगावर येत, हा त्याचा जन्माचा अनुभव. दानेश्वरीबाई टोपलीपाशी धावली.

"मामा, फाडू नका हो! ते फिक्कंच पायजे."

"फिक्कंच पायजे?" धोंडीराम थक्क जाहला. "मग इतकी वर्सं साहेब मला शिव्या कशापायी देत हुते?"

मग दानेश्वरीबाईने त्यास समजावोन सांगितले आणि तो समजला, निदान मान तरी हलविली.

परंतु खरे संकट पुढेच होते. दुसऱ्या पानावर वॉटरमार्क, तिसऱ्या पानावर वॉटरमार्क, आणि पहिले पान कोरेच. पुन्हा चढविला, पुन्हा पहिले पान कोरे. सारा गड हाती आला आणि दिंडी दरवाजाच वैऱ्याकडे राहिला, ऐसी गत जाहली. फोटो काढणारा पहिल्याच पानाचा काढील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. साहेबांचा निरोपावर निरोप, की चार वाजेतो पाकिटे मोहोरबंद पाहिजेत. दानेश्वरीबाईचा डबा तैसाच राहिला. तिला वाटले, आपले नशीबच पहिल्या पानावर रुसले आहे. डोळ्यांत पाणी आले ते तिने पदराने पुसले आणि संगणकावरील पानाच्या डोईवर, समासात, माऊसाने रागाने दोनदा टिचकी मारिली. तो काय आश्चर्य! कोऱ्या पांढऱ्या जागेभोवती कसलीशी चौकट उमटली. पानावर पानाएवढाच एक पांढरा पडदा होता. तिने तो धरोन बाजूस सारिला, आणि आत साक्षात गजानन, दोहों बाजूंस केळीचे खांब, माथ्यावर तोरण, खाली 'चि. सौ. कां.' करोन एका लग्नाचे निमंत्रण.

धोंडीरामाने पायातील चप्पल काढिली आणि संगणकास हात जोडिले.

हे कैसे घडले, तो मजकूर ऐसा. या दफ्तरी नवी फाइल उघडण्याची चालच नाही. जुनी उघडावी, तिचा मजकूर पुसावा, त्यावर नवा टंकावा, म्हणजे समास, रेघा, सर्व आयते मिळते, ऐसी वहिवाट मागील कारकून संगप्पा यांनी घातली ती आजतागायत चालली. याच संगप्पांनी चौदा वर्षांखाली आपल्या कन्येची लग्नपत्रिका दफ्तरीच्या संगणकावर केली होती. लग्न उरकले, परीक्षा आली, त्यांनी शिरस्त्याप्रमाणे पत्रिकेवरच पेपर टंकिला. मजकूर पुसिला, परंतु देव कैसा पुसावा? हात धजला नाही. मग त्यांनी गजाननावर पांढरा चौकोन झाकिला. तात्पर्य, चौदा वर्षे या प्रशालेचा प्रत्येक पेपर गणपतीच्या अंगावर छापला गेला. तरी निकाल वाढला नाही तो का, हे आम्हांस उमगले नाही. आता वॉटरमार्क त्या पडद्याआड दडोन बसला होता. पडदा काढावा तर देव उघडा पडतो, देव काढावा तर पाप लागते.

दानेश्वरीबाईचे बोट डिलीटच्या कळीवर गेले आणि तेथेच थबकले. तिचाही हात धजला नाही. मग तिने अक्कलकोटी संगप्पांस फोन लाविला. संगप्पा आता निवृत्त होवोन मठाच्या मागे राहतात. त्यांनी सर्व ऐकिले आणि कानडीत 'नको, नको' करोन ओरडले ते धोंडीरामासही ऐकू आले.

"ब्याड, ब्याड! डिलीट दाबू नगंस, तायी! माज्या लेकीचं लगीन त्यानंच पार पाडलंय. आदी त्याला दुसरीकडं जागा कर, आन् मग हलीव. हलवायला हरकत न्हाय."

हा तोडगा सर्वांस मानवला. चौदा वर्षांत प्रथमच त्या दफ्तरी कोरी करकरीत नवी फाइल उघडिली गेली, तिचे नांव 'देवघर' ठेविले. कापोन चिकटविण्याची आज्ञा देतां धोंडीरामाने शंका काढिली की हे कापणे तर नव्हे? दानेश्वरीबाई म्हणाली, "न्हाई मामा, घर बदलणं हाय हे." गजानन केळीच्या खांबांसह नव्या घरी गेला, पडदा निघाला, आणि पहिल्या पानाच्या ऐन मध्यावर 'नववी अ' ही अक्षरे, समीकरणांच्या आडोन, लख्ख दिसू लागली. धोंडीराम ऐसा हर्षला की त्याने धावत जावोन घंटाच बडविली, आणि पाचवा तास दहा मिनिटे आधी सुटला. साडेतीन वाजता पाकिटे मोहोरबंद जाहली. साहेबांची हुजूरप्रत, तिच्या पोटात तिरके 'मुख्याध्यापक', साहेबांनी उजेडास धरोन पाहिली, वाहवा केली, आणि ब्यागेत घालोन घरी नेली.

दुसरे दिवशी सकाळी नववी ब च्या वर्गशिक्षिका चेतनाबाई धापा टाकीत दफ्तरी आल्या. हातात मोबाइल. पेपर फुटला होता. पालकांच्या ग्रुपावर फोटो आला होता.

देवदत्तसाहेबांनी तत्क्षणी सर्वांस शिक्षकखोलीत बोलाविले आणि दानेश्वरीबाईस मधोमध उभे केले. साहेब गरजले की ही दुसरी खेप, आता मेमो नाही, आता घरचाच रस्ता, चेतनाबाई, फोटो मोठा करा आणि प्रत कोणाची ती वाचा. चेतनाबाईंनी दोन बोटांनी फोटो ताणिला. मोठ्याने वाचिले, "मुख्याध्या...", आणि तेथेच जीभ चावली.

साहेबांनी मोबाइल हाती घेतला, चष्मा कपाळावर केला, पुन्हा नाकावर केला. आणि त्यांचे मुख पाहण्यासारखे जाहले.

"मी तर... फक्त वॉटरमार्क दाखवायला टाकला होता," साहेब पुटपुटले. "आमच्या घरच्या ग्रुपवर. कसा आलाय, एवढंच."

आता घरच्या ग्रुपात साहेबांची बहीण, आणि बहिणीची कन्या उत्कर्षा ही याच प्रशालेत नववी क मध्ये. पुढील वाट उलगडोन सांगण्याचे कारण नाही.

कोणी दुसरी असती तर इतक्यावर सुटले म्हणोन घरी गेली असती. दानेश्वरीबाई गेली नाही.

"सर, त्याच ग्रुपवर जरा वर जावा की. आश्विनातलं बघू."

साहेबांनी खिशातील आपला मोबाइल काढिला आणि त्यांचे बोट चालू लागले. दिवाळी गेली, दसरा आला, आणि बोट थांबले. सहामाहीचा गणिताचा पेपर, फोटो स्वच्छ, परीक्षेच्या आदल्या दिवसाचा. खाली साहेबांनी स्वहस्ते लिहिले होते, 'आमच्या दानेश्वरीबाईंचं टायपिंग पाहा, किती सुबक! असा कारकून जिल्ह्यात नाही.' त्यावर सतरा अंगठे.

तिने ते साहेबांच्या खांद्यावरोन वाचले. तीन वर्षांत तोंडावर एक शब्द कौतुकाचा मिळाला नव्हता, तो हा येथे होता. चार महिने आवरोन धरिलेले रडू तिला सर्वांसमक्ष आले, आणि तिने ते लपविले नाही. चेतनाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेविला, तो तिने ठेवू दिला. मग नाक पुसोन ती साहेबांस म्हणाली, "मेमो मागं घेतल्याचं पत्र मी टाइप करून आणते, सर. तुमी ते हितंच वाचायचं. मेमो वाचला हुता तसं, उभं राहून."

पत्र आले. देवदत्तसाहेब उभे राहिले आणि वाचू लागले. 'आपल्यावर घेतलेला संशय निराधार होता' येथपर्यंत आवाज मुख्याध्यापकाचा होता. मग त्यांनी कागद खाली केला आणि साध्या आवाजात म्हणाले, "बाई, चुकलं माझं." ती म्हणाली, "व्हय सर, चुकलं." आणि कोणीच हसले नाही.

येणेप्रमाणे माघ मासी सोलापूर मुक्कामी वॉटरमार्काची मोहीम पूर्ण फत्ते जाहली. कायम करण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी, दुपारच्या आत, सहीनिशी संस्थेकडे रवाना जाहला. फुटला पेपर रद्द करोन नवा काढिला, तो दानेश्वरीबाईनेच टंकिला, आणि प्रती पाच न काढिता चारच काढिल्या. हुजूरप्रत काढावी काय, ऐसे तिने साहेबांस रीतसर विचारिले होते. साहेबांनी हात जोडोन नको म्हणोन सांगितले. सदर मजकूर सर्व संबंधितांस वाचोन दाखविला, कबूल जाहला, आणि दफ्तरी नोंदिला.